पोट युरोपात, मन उस्मानी तख्तावर

मे २०२५ मध्ये 'ऑपरेशन सिंदूर'च्या काळात तुर्कस्तानने उघडपणे पाकिस्तानची पाठराखण केली. पाकिस्तानने भारतावर सोडलेल्या ड्रोनचे अवशेष तुर्की बनावटीचे असल्याचे भारतीय लष्कराने प्राथमिक तपासाअंती सांगितले, आणि त्याची प्रतिक्रिया देशभरच्या बाजारपेठांत उमटली. पुण्याच्या मार्केट यार्डातील फळव्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदांकडे पाठ फिरवली. उदयपूरच्या संगमरवर व्यापाऱ्यांनी तिकडचा माल नाकारला. सहलींच्या नोंदण्या रद्द झाल्या आणि विमानतळांवर सेवा देणाऱ्या एका तुर्की कंपनीची सुरक्षा परवानगी केंद्र सरकारने काढून घेतली. जेमतेम सव्वादोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारी २०२३ च्या महाभूकंपानंतर, भारताची मदतपथके 'ऑपरेशन दोस्त' अंतर्गत तुर्कस्तानात ढिगारे उपसत होती आणि आपल्या लष्कराचे रुग्णालय हाताय प्रांतात तेथील जखमींवर उपचार करीत होते. त्या उपकाराची अशी परतफेड पाहून सामान्य भारतीय माणूस संतापला, यात नवल नाही.

हा संताप न्याय्य होता आणि व्यापाऱ्यांनी स्वतःचे नुकसान सोसून तो व्यक्त केला, याचे कौतुकच केले पाहिजे. परंतु संतापाचे रूपांतर धोरणात व्हायचे असेल, तर एक प्रश्न थंड डोक्याने विचारावा लागतो. तुर्कस्तानला नेमके कोठे दुखते? हा देश कमावतो कोणाच्या जीवावर, त्याच्या शेजाऱ्यांशी त्याचे कसे आहे आणि त्याच्या बोलण्याला जगात जे वजन आहे ते कशातून आले आहे? ही उत्तरे शोधू लागलो की नजर सफरचंदाच्या पेटीवरून उठून थेट युरोपच्या उंबरठ्यावर जाऊन थांबते.

भाकरी कोठून येते?

१९८० साली तुर्कस्तानची एकूण वार्षिक निर्यात तीन अब्ज डॉलरदेखील नव्हती आणि तीतही मोठा वाटा तंबाखू, कापूस, मनुका, हेझलनट अशा शेतमालाचा होता. त्या वर्षीच्या २४ जानेवारीला जाहीर झालेल्या आर्थिक निर्णयांनी देशाची दारे व्यापाराला उघडली. या निर्णयांचे शिल्पकार तुर्गुत ओझाल पुढे पंतप्रधान आणि राष्ट्राध्यक्षही झाले. २००२ मध्ये निर्यात ३६ अब्ज डॉलरवर पोहोचली, २००८ मध्ये १३२ अब्जांवर आणि २०२४ मध्ये सुमारे २६२ अब्जांवर. मुबलक तेल नसलेल्या देशाने केवळ कारखानदारीच्या बळावर साधलेली ही प्रगती आहे, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. शत्रूचे गुण न पाहणारा माणूस त्याचे दोषही नीट पाहू शकत नाही.

हा माल जातो कोठे? बुर्सा येथे रेनॉ आणि फियाट यांच्या मोटारी तयार होतात, कोजाएली प्रांतात फोर्डची मालवाहू वाहने बनतात. देनिझलीचे टॉवेल, गाझियान्तेपचे गालिचे आणि मनिसाचे दूरदर्शन संच जगभर विकले जातात. परंतु या साऱ्या मालाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक एकच आहे, ते म्हणजे युरोपीय संघ. तुर्कस्तानच्या निर्यातीपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास माल एकट्या युरोपीय संघात जातो आणि त्यातही जर्मनी अग्रभागी आहे. २०२३ मध्ये उभय बाजूंचा वस्तुव्यापार दोनशे अब्ज युरोंच्या पुढे गेला. बल्गेरियाच्या सीमेवरील कापिकुले हे नाके युरोपातील सर्वाधिक वर्दळीच्या नाक्यांपैकी एक मानले जाते. तेथील मालमोटारींची रांग हीच तुर्की अर्थव्यवस्थेची नाडी होय.

दुसरी बाजूही पाहावी. तेल, वायू आणि कच्चा माल बाहेरून आणावा लागत असल्यामुळे या देशाची आयात निर्यातीपेक्षा नेहमीच जास्त असते. २०२२ मध्ये निर्यात २५४ अब्ज डॉलर, तर आयात ३६४ अब्ज डॉलर होती. ही तूट भरून निघते ती परदेशी पर्यटक, परदेशी भांडवल आणि परदेशी कर्ज यांच्यातून. थोडक्यात, ज्या जगाला राष्ट्राध्यक्ष एर्दोगान व्यासपीठावरून ललकारतात, त्याच जगाच्या विश्वासावर त्यांच्या देशाची चूल पेटते.

दाराबाहेर उभा असलेला भागीदार

युरोपशी हे नाते जुळले कसे? मुस्तफा केमाल यांनी १९२३ मध्ये प्रजासत्ताक स्थापन केले, ३ मार्च १९२४ रोजी खिलाफत बरखास्त केली आणि १९२८ मध्ये लिपीही बदलून टाकली. ज्या खिलाफतीसाठी आपल्याकडील नेतृत्वाने देशभर आंदोलन पेटवले, ती खुद्द तुर्कांनीच मोडीत काढावी, हा इतिहासाने आपल्या भाबडेपणाला दिलेला टोलाच होता. पश्चिमेकडे तोंड करून उभे राहायचे, हा केमाल यांचा निर्णय होता. त्याच वाटेने हा देश १९५२ मध्ये 'नाटो'त गेला आणि १९६३ मध्ये त्याने युरोपीय आर्थिक समुदायाशी अंकारा करार केला. १९८७ मध्ये पूर्ण सदस्यत्वासाठी अर्ज झाला, १९९९ मध्ये हेलसिंकी येथे उमेदवारी मान्य झाली आणि ३ ऑक्टोबर २००५ रोजी वाटाघाटी सुरू झाल्या.

त्यानंतर गाडी रुतली ती रुतलीच. पस्तीस प्रकरणांपैकी सोळाच उघडली गेली आणि एकच, विज्ञान व संशोधनाचे, तात्पुरते मिटले. सायप्रसच्या जहाजांना बंदरे खुली करण्यास तुर्कस्तानने नकार दिल्यामुळे २००६ मध्ये आठ प्रकरणे गोठवली गेली. जून २०१८ मध्ये युरोपीय संघाने वाटाघाटी ठप्प झाल्याचे अधिकृतपणे नमूद केले. दोष एकट्या तुर्कस्तानचा नाही. जर्मनीच्या अँगेला मर्केल आणि फ्रान्सचे निकोला सार्कोझी यांना तुर्कस्तान पूर्ण सदस्य म्हणून नकोच होता. अर्ज स्वीकारायचा, अटी घालायच्या आणि दार मात्र उघडायचे नाही, हा युरोपचा व्यवहार फारसा प्रामाणिक म्हणता येणार नाही.

या प्रदीर्घ प्रतीक्षेत तुर्कस्तानने एक करार करून ठेवला, जो आपल्याकडील धोरणकर्त्यांनी बारकाईने अभ्यासावा असा आहे. १९९५ च्या अखेरीस अमलात आलेल्या सीमाशुल्क संघामुळे तुर्कस्तानचा औद्योगिक माल युरोपात करमुक्त जाऊ लागला. याचा लाभ निर्विवाद होता. पण त्याची किंमत अशी की, बाहेरील देशांच्या औद्योगिक मालावर किती आयातशुल्क लावायचे हे ब्रसेल्समध्ये ठरते आणि ते ठरवणाऱ्या बैठकीत तुर्कस्तानला आसन नाही. युरोपने एखाद्या तिसऱ्या देशाशी मुक्त व्यापार करार केला की त्या देशाचा माल युरोपच्या मार्गे तुर्कस्तानात करमुक्त शिरू शकतो. तुर्कस्तानच्या मालाला मात्र त्या देशात तशी सवलत आपोआप मिळत नाही, ती वेगळा करार करून मागावी लागते. दक्षिण कोरियाचा युरोपशी झालेला करार २०११ मध्ये लागू झाला, तुर्कस्तानला स्वतःच्या करारासाठी २०१३ पर्यंत थांबावे लागले. मेक्सिकोशी युरोपचा करार २००० पासून अमलात आहे, पण तुर्कस्तानच्या पदरात तसा करार पडलेला नाही. हा करार सुधारावा असा प्रस्ताव युरोपीय आयोगाने डिसेंबर २०१६ मध्ये मांडला खरा, पण सदस्यराष्ट्रांनी त्याला संमती दिली नाही. माल मोकळा, पण तो नेणाऱ्या मालमोटारीला परवान्यांची मर्यादा आणि तिच्या चालकाला व्हिसाची कटकट, अशी ही अर्धवट मोकळीक आहे.

निर्णयाचा अधिकार दुसऱ्याच्या हाती देऊन मिळवलेली बाजारपेठ कशी असते, याचे हे धडधडीत उदाहरण होय. नोव्हेंबर २०१९ मध्ये भारताने 'आरसेप' करारातून अंग काढून घेतले तेव्हा अनेक विद्वानांनी नाके मुरडली होती. त्यांनी तुर्कस्तानचा हा अनुभव एकदा तपासून पाहावा.

'शून्य समस्या' ते केवळ समस्या

युरोपचे दार उघडेना, तेव्हा शेजाऱ्यांकडे वळणे स्वाभाविक होते. २००९ मध्ये परराष्ट्रमंत्री झालेले प्राध्यापक अहमत दावुतोग्लू यांनी 'शेजाऱ्यांशी शून्य समस्या' हे सूत्र मांडले. सूत्र चांगले होते आणि आरंभी त्याची फळेही दिसली. सीरियाशी मुक्त व्यापार करार २००७ मध्येच लागू झाला होता, २००९ मध्ये व्हिसाची अट गेली. अलेप्पोचे व्यापारी गाझियान्तेपला खरेदीला जाऊ लागले. आर्मेनियाशी संबंध सुधारण्यासाठी ऑक्टोबर २००९ मध्ये झुरिच येथे मसुद्यांवर स्वाक्षऱ्या झाल्या. हे असेच चालले असते, तर आज पश्चिम आशियाचे चित्र निराळे दिसले असते.

पण या सूत्राखाली दुसरेच एक स्वप्न दडलेले होते. शेजारी देश हे समान दर्जाचे शेजारी नसून पूर्वीच्या उस्मानी साम्राज्याचे हरवलेले प्रांत आहेत आणि त्यांचे वडीलपण आपल्याकडे आहे, ही भावना त्यामागे होती. २०११ मध्ये अरब देशांत उठाव सुरू होताच हे स्वप्न उघडे पडले. कालपर्यंत मित्र असलेल्या असद यांना खाली खेचण्यासाठी तुर्कस्तान कामाला लागला. व्यापार करार गुंडाळला गेला, सीमा पेटली आणि पस्तीस लाखांहून अधिक निर्वासितांचा भार तुर्की समाजावर पडला. डिसेंबर २०२४ मध्ये असद यांची राजवट कोसळली, त्याला अंकाऱ्यात विजय म्हटले गेले. परंतु तेरा वर्षे उद्ध्वस्त झालेली बाजारपेठ, तुटलेले रस्ते आणि निर्वासितांचा खर्च यांचा हिशेब त्या विजयातून वजा करावाच लागेल.

इतरत्रही तेच. इजिप्तमध्ये २०१३ साली मोर्सी यांची सत्ता गेली आणि तुर्कस्तानने त्यांची बाजू घेऊन कैरोशी दशकभराचे वैर ओढवून घेतले. इस्रायलशी १९९६ मध्ये केलेला मुक्त व्यापार करार उत्तम चालला होता. २०२३ मध्ये सुमारे सात अब्ज डॉलरचा असलेला तो व्यापार मे २०२४ मध्ये तुर्कस्तानने स्वतःच थांबवला. आर्मेनियाची सीमा १९९३ मध्ये बंद केली ती तीन दशकांहून अधिक काळ सर्वसाधारण व्यापाराला बंदच राहिली. झुरिचच्या मसुद्यांना कधी मान्यता मिळालीच नाही. बाकूहून निघालेली तेलवाहिनी आणि लोहमार्ग आर्मेनियाला वळसा घालून जॉर्जियामार्गे न्यावे लागले. ग्रीसने एजियन समुद्रात आपली सागरी हद्द बारा मैलांपर्यंत वाढवली तर ते युद्धाचे कारण समजू, असा ठराव तुर्की संसदेने १९९५ मध्ये केला. सायप्रसच्या उत्तर भागात १९७४ पासून तुर्की फौजा आहेत आणि १९८३ मध्ये तेथे घोषित झालेल्या 'राज्या'ला तुर्कस्तानखेरीज एकाही देशाची मान्यता नाही. काश्मीरविषयी भारताला न्यायाचे पाठ देणाऱ्यांनी निकोसियाच्या मध्यातून जाणारी ती तारेची रेषा आधी पाहावी!

वायू रशियाचा, छत्र नाटोचे

तुर्कस्तानच्या मुत्सद्देगिरीचे गोडवे गाणारे रशियाशी असलेल्या संबंधांचा दाखला देतात. त्यात तथ्य आहे. युक्रेन युद्धात २०२२ पासून तुर्कस्तानने युक्रेनला ड्रोन दिले आणि रशियावरील निर्बंधांतही भाग घेतला नाही. काळ्या समुद्रातील धान्यवाहतुकीचा करार जुलै २०२२ मध्ये इस्तंबूललाच झाला. १९३६ च्या माँत्रो करारामुळे बॉस्फरस आणि दार्दानेल्सची किल्ली याच देशाकडे आहे, हे त्याचे भौगोलिक भाग्य होय.

पण या मैत्रीतील धनी कोण? तुर्कस्तानला लागणाऱ्या वायूपैकी सुमारे चाळीस टक्के रशिया पुरवतो. अक्कुयू येथील अणुवीज प्रकल्प रशियाची रोसाटोम बांधते आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये तुर्कस्तानने सीरियाच्या सीमेवर रशियाचे लढाऊ विमान पाडले, तेव्हा मॉस्कोने एकही क्षेपणास्त्र डागले नाही. तुर्की टोमॅटो आणि फळे घेणे थांबवले, पर्यटकांची विमाने बंद केली. सातच महिन्यांत एर्दोगान यांना खेदाचे पत्र पाठवावे लागले. पुढे २०१९ मध्ये रशियाची एस-४०० यंत्रणा घेतली म्हणून अमेरिकेने तुर्कस्तानला एफ-३५ विमानांच्या प्रकल्पातून बाहेर काढले. दोन दगडांवर पाय ठेवून उभे राहणाऱ्याला दोन्हीकडचे धक्के सोसावे लागतात.

या ताणाची किंमत सामान्य तुर्की नागरिकाने मोजली. २०१३ च्या सुमारास एका डॉलरला दोन लिरांहून कमी मोजावे लागत, २०२५ मध्ये चाळिसाहून अधिक लिरा मोजावे लागू लागले. ऑक्टोबर २०२२ मध्ये महागाईचा दर ८५ टक्क्यांवर गेला. व्याजदर कमी ठेवण्याच्या हट्टामुळे हे घडले. अखेर २०२३ च्या निवडणुकीनंतर मेहमेत शिमशेक यांना अर्थखात्यात परत आणावे लागले आणि मार्च २०२४ मध्ये व्याजदर ५० टक्क्यांवर न्यावा लागला. २०२० मध्ये आयासोफियाचे मशिदीत रूपांतर करून जो जयघोष मिळाला, त्याने बाजारातील भाव उतरले नाहीत.

सौदी धडा

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. बहिष्काराने तुर्कस्तान नमतो काय? याचे उत्तर सौदी अरेबियाने दिले आहे. पत्रकार जमाल खशोगी यांची हत्या २०१८ मध्ये इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत झाली आणि दोन्ही देशांचे संबंध विकोपाला गेले. २०२० च्या उत्तरार्धात सौदी व्यापाऱ्यांनी तुर्की मालावर अघोषित बहिष्कार टाकला. सरकारने कागदावर काहीच लिहिले नाही. २०१९ मध्ये तीन अब्ज डॉलरहून अधिक असलेली तुर्की निर्यात २०२१ मध्ये तीस कोटी डॉलरच्याही खाली गेली. एप्रिल २०२२ मध्ये खशोगी खटला तुर्की न्यायालयाने सौदी अरेबियाकडे वर्ग केला आणि त्याच महिन्यात एर्दोगान जेद्दाला गेले. ज्यांना काल खुनी म्हटले, त्यांनाच आलिंगन देण्यात आले. इस्लामी बंधुत्वाचे नारे आणि राष्ट्रीय स्वार्थ यांत अंतिम विजय कोणाचा होतो, हे यातून स्पष्ट व्हावे.

परंतु सौदी उदाहरण आपल्याला जसेच्या तसे लागू पडत नाही. २०२३-२४ मध्ये भारताने तुर्कस्तानला सुमारे साडेसहा अब्ज डॉलरचा माल विकला आणि पावणेचार अब्ज डॉलरच्या आसपास माल घेतला. म्हणजे या व्यापारात शिल्लक आपल्या बाजूला आहे, आणि तुर्कस्तानच्या एकूण निर्यातीत आपल्या खरेदीचा वाटा दीड टक्क्याच्या आसपास. व्यापार पूर्णतः तोडला तर आपला निर्यातदार अधिक दुखावेल. म्हणून बहिष्कार हा लोकभावनेचा आविष्कार म्हणून ठेवावा आणि खरा दाब तेथे द्यावा, जेथे तुर्कस्तानची भाकरी आहे.

भारतापुढील मार्ग

तो दाब तीन मार्गांनी देता येईल. पहिला मार्ग युरोपीय बाजारपेठेचा. भारत आणि युरोपीय संघ यांच्यातील मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी २००७ मध्ये सुरू झाल्या, २०१३ मध्ये थांबल्या आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाल्या. हा करार प्रत्यक्ष अमलात येईल तेव्हा तिरुपूरचे कपडे, सोलापूर आणि पानिपतची टॉवेल-चादर, पुणे-चाकणचे मोटारींचे सुटे भाग यांची गाठ युरोपात थेट देनिझली आणि बुर्साच्या मालाशी पडेल. तुर्कस्तानला आजवर जी करसवलत एकट्याची वाटत होती, तिचा लाभ आपल्यालाही मिळेल. शिवाय सीमाशुल्क संघाच्या रचनेमुळे आपल्याशी स्वतंत्र करार करण्यासाठी अंकाऱ्याला दिल्लीचे दार ठोठवावे लागेल. ते दार किती आणि कोणत्या अटीवर उघडायचे, हे तेव्हा आपण ठरवावे. काश्मीरवरील प्रत्येक भाषणाची नोंद त्या अटींत असावी.

दुसरा मार्ग शेजाऱ्यांचा. ऑगस्ट २०२३ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी ग्रीसला गेले, जून २०२५ मध्ये सायप्रसला. पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेत आरेखन झालेली पिनाक अग्निबाणप्रणाली आर्मेनियाने घेतली आहे. हे सारे योग्य दिशेने पडलेले पाऊल होय. फक्त ते तुर्कस्तानला डिवचण्यापुरते राहू नये. अथेन्स, निकोसिया आणि येरेवान यांच्याशी व्यापार, शिक्षण, जहाजबांधणी अशा क्षेत्रांत स्थायी संबंध जुळले पाहिजेत. पाकिस्तानला युद्धनौका देण्याचा करार तुर्कस्तानने २०१८ मध्ये केला, त्यामागे अनेक वर्षांची आखणी होती. आपली आखणीही तेवढ्याच लांब पल्ल्याची हवी.

तिसरा मार्ग वाहतुकीचा. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या जी-२० परिषदेत भारत-पश्चिम आशिया-युरोप मार्गिका जाहीर झाली. तीत तुर्कस्तान नाही, आणि आपल्याला वगळून अशी मार्गिका होऊच शकत नाही, असे एर्दोगान यांनी तत्काळ सांगितले. इराकच्या फाव बंदरापासून तुर्कस्तानपर्यंतच्या पर्यायी मार्गासाठी एप्रिल २०२४ मध्ये त्यांनी करारही केला. म्हणजे बाण वर्मी लागला आहे. परंतु गाझामधील युद्धामुळे आपली मार्गिका रखडली. घोषणा झाली म्हणजे रूळ पडले, असे होत नाही.

युरोप आपल्यासाठी तुर्कस्तानला शिक्षा करील, या भ्रमातही राहू नये. २०१६ मध्ये निर्वासित रोखण्यासाठी याच युरोपने तुर्कस्तानला सहा अब्ज युरो देऊ केले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्रिटनने वीस टायफून विमाने विकण्याचा करार केला. प्रत्येक जण आपापला स्वार्थ पाहतो, आपणही पाहावा.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात व्यापाऱ्यांना राज्याच्या वैभवाचे कारण मानले आहे आणि त्याच वेळी परकीय व्यापाऱ्याच्या मागे त्याची राजसत्ता उभी असते, म्हणून सावध राहावे, असेही बजावले आहे. तुर्कस्तानने यातील पहिला भाग ओळखला, कारखाने उभारले, बाजारपेठ मिळवली. पण गिऱ्हाइकाशी भांडण, शेजाऱ्याशी वैर आणि दूरच्या भारताच्या घरगुती प्रश्नात नाक खुपसणे, यात त्याने ती कमाई उधळली. भारताने त्याच्या उद्योगशीलतेचे अनुकरण करावे आणि त्याच्या दर्पाचे मुळीच करू नये. मार्केट यार्डातील व्यापाऱ्याने आपले कर्तव्य केले आहे. आता कारखानदाराने युरोपच्या बाजारात तुर्की मालापेक्षा सरस माल ठेवावा आणि दिल्लीने त्याच्यासाठी वाट मोकळी करावी. अंकाऱ्याला ती भाषा तत्काळ समजेल.